आधी बादली दाखवा

गडचांदुरात एखादं घर विकायला निघालं हे कळायला पाटी लावावी लागत नाही. पंधरा वर्षं ज्या भिंतीकडे कुणी मान वर करून पाहिलं नाही, तिला एकाएकी पिस्ता रंगाचं डिस्टेंपर लागतं. ओसरीतल्या सागवानी खांबांना ऑइलपेंट फासला जातो, कवेलूंच्या खाली पीओपीचं छत लटकतं, आणि नळाला पाणी दिवसाआड का असेना, मोरीत नवी टाइल बसते. माझं म्हणणं असं की हा सगळा खर्च पाण्यात जातो. आणि घरात पाणी कुठून येतं तेच लपवण्यासाठी तो केलेला असल्यामुळे दोनदा पाण्यात जातो. जुनं घर विकायचं असेल तर ते आषाढात दाखवावं, गळतं तिथे बादली ठेवलेली असताना दाखवावं, आणि आधी बादली दाखवून मग देवघराकडे वळावं.

हे वेड्यासारखं वाटत असेल तर गिऱ्हाईक कोण आहे ते आधी पाहावं. इथे जुनं घर घ्यायला येतो तो बहुधा कंपनीतून निवृत्त होऊन क्वार्टर सोडणारा कामगार, नाहीतर बदल्यांना कंटाळलेला मास्तर, नाहीतर मुलांच्या शाळेसाठी गावात बिऱ्हाड करू पाहणारा जिवती-कोरपन्याकडचा शेतकरी. यातल्या पहिल्याने सारी हयात माणिकगड, आवारपूर किंवा उपरवाहीच्या सिमेंट कारखान्यात काढलेली असते. त्याला भिंत दाखवून फसवायला जाणं म्हणजे मोठंच धाडस. तो रंगाकडे बघतच नाही. बोटाच्या पेराने भिंत ठोकतो, कान लावतो आणि "केव्हा मारला जी रंग?" एवढंच विचारतो. या प्रश्नाला "दिवाळीला" हे उत्तर चैत्रात देता येतं, आषाढात देता येत नाही. शेतकऱ्याला तर तेवढंही विचारावं लागत नाही. त्याचं स्वतःचं घर कवेलूचंच असतं, वानरांनी पत्रे आणि कवेलू सारख्याच आनंदाने तुडवलेले त्याने पाहिलेले असतात, आणि दरवर्षी मृगाआधी कवेलू फेरले नाहीत तर काय होतं हे त्याला पाठ असतं.

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला, आणि पुढे 2001 साली त्याला नोबेल मिळालं त्यात या निबंधाचा वाटा मोठा होता. त्याचा मुद्दा गडचांदूरच्या आठवडी बाजारात बैल घेणाऱ्यालाही कळेल असा आहे. विकणाऱ्याला मालातली खोट ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा प्रत्येकच मालात खोट धरून चालतो, भाव पाडून मागतो, आणि त्या भावात चांगला माल विकणं परवडत नाही म्हणून चांगल्या मालाचा धनी बाजारातून निघून जातो. घराचंही हेच होतं. दोन कवेलू फुटलेत हे दिसलं तर गिऱ्हाईक दोन कवेलूंचे पैसे कमी करतं. काहीच दिसलं नाही आणि रंगाचा वास मात्र आला, तर ते अख्खं छप्पर, आढं, मयाल आणि वर वाळवी असं सगळं मनातल्या मनात कापून टाकतं. गळतीचा अंदाज मिस्त्री देऊ शकतो. संशयाचा अंदाज द्यायला मिस्त्री मिळत नाही.

कायदाही डिस्टेंपरच्या बाजूने नाही. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं 55 वं कलम सांगतं की विकणाऱ्याला माहीत असलेला, पण घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही सापडणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. न सांगणं ही फसवणूक. म्हणजे भिंतीवरची ओल डोळ्यांना दिसते आहे तोवर तुम्ही गप्प बसलात तरी चालतं, बघणं हे घेणाऱ्याचं काम. त्याच ओलीवर तुम्ही दोन हात पिस्ता मारलात की दिसणारा दोष न दिसणारा झाला, आणि आता तो तोंडाने सांगणं तुमच्यावर आलं. पैसे खर्चून स्वतःच्या डोक्यावर जबाबदारी ओढून घेण्याचा असा दुसरा प्रकार माझ्या माहितीत तरी नाही.

डिस्टेंपरने खोट झाकते तशी चांगली गोष्टही झाकते, आणि याचा तोटा मला जास्त वाटतो. मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. स्लॅबच्या घरातला पंखा तेव्हा ऊन फिरवण्यापलीकडे काही करत नाही. हात-दीड हात जाड मातीच्या भिंतीचं आणि उंच कवेलूचं घर त्या दुपारी दाखवलं तर विकणाऱ्याने तोंड उघडायची गरज नाही. गिऱ्हाईक खाटेवर टेकतं आणि उठायचं नाव घेत नाही. पण धनी ते मेमध्ये दाखवतच नाही, कारण मेमध्ये पेंटर आलेला असतो. सागवानाची गोष्ट याहून वाईट. अयोध्येच्या राममंदिरासाठी 2023 च्या मार्चमध्ये बल्लारपुराहून या भागातल्या सागवानाची मिरवणूक निघाली, माणसं नटूनथटून बघायला गेली. आणि घरी येऊन त्याच जंगलातल्या खांबाला चॉकलेटी ऑइलपेंट फासला, का, तर खांब "जुना दिसतो" म्हणून. तो जुना आहे म्हणूनच तर मोलाचा आहे!

आता आक्षेप. आषाढात घर बघायला येणार कोण? पेरण्या चाललेल्या, हातात पैसा नाही, रस्त्यावर चिखल. हा आक्षेप खरा आहे आणि मला तो सोयीचाही आहे. इथला पैसा कापसाबरोबर येतो, दिवाळीनंतर, आणि होळीपर्यंत हिंडतो. म्हणून घर दाखवावं पावसाळ्यात आणि सौदा करावा हिवाळ्यात. मधले चार-पाच महिने रिकामे जात नाहीत, कारण तेवढे कागदांना लागतातच. गडचांदूर जुन्या राजुरा तालुक्यातलं. हा तालुका 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. 1956 साली मुंबई राज्यात येऊन नांदेडला जोडला गेला. 1959 साली चांदा जिल्ह्यात आला. 1960 साली महाराष्ट्रात. त्या काळातलं घर असेल तर ते जागचं न हलता एवढा प्रवास करून आलेलं आहे, आणि आजोबांचा कागद उर्दूत असण्याची पुरेपूर शक्यता आहे. तो वाचणारा माणूस शोधण्यात एक महिना जातो. मग कळतं की घरात जपून ठेवलेला ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा नव्हे. आणि आता तर ग्रामपंचायतही राहिली नाही, नगरपरिषद झाली. मग वारसनोंद, मग फेरफार. वडिलोपार्जित घरात मुलींचा हक्क 2005 च्या दुरुस्तीने मुलांइतकाच झाला आहे, तेव्हा आत्याची सही लागते. आत्या कागजनगरला असते आणि तिला गेल्या तीन लग्नांत साडी मिळालेली नसते. पीओपीचे पैसे या साडीवर खर्च करावेत, असं मी अगदी हिशेबाने सांगतो.

दुसरा आक्षेप शेजाऱ्याचा. त्याने घर रंगवलं आणि महिन्याभरात विकलं, चांगला भावही आला. आला असेल. पण ते घर मेन रोडला होतं, आणि घेणाऱ्याने ते पाडून खाली तीन गाळे काढले. त्याने रंगासकट भिंत पाडली. रंग नसता तरी पाडली असती. रस्त्याच्या किमतीचं श्रेय पेंटरला देण्याची आपली जुनी खोड आहे. उलट जे घर आतल्या गल्लीत आहे आणि राहायलाच घेतलं जाणार आहे, त्याची झुंज गावाबाहेरच्या ले-आउटमधल्या कोऱ्या प्लॉटशी असते. कोरेपणात जुनं घर त्या प्लॉटला कधीच हरवू शकणार नाही. मग त्या आखाड्यात उतरावं कशाला? जुन्या घराकडे गोड पाण्याची विहीर, सांदवाडीतलं सीताफळ, पायी अंतरावर बसस्टँड आणि हाकेला येणारे शेजारी असतात. ले-आउटमध्ये यातलं काही मिळत नाही. तिथे फक्त "प्रस्तावित बगीचा" असतो.

तिसरा आक्षेप सगळ्यात व्यवहारी: बादली दाखवली तर गिऱ्हाईक त्यावरून भाव पाडेल. पाडू द्यावा. भाव पाडल्याशिवाय परत गेलं तर त्याला घरी जाऊन बायकोला काय सांगायचं हा प्रश्न पडतो, म्हणून ते कशावरून तरी पाडणारच. कुठेच खोट सापडली नाही तर ते वास्तुशास्त्राकडे वळतं. ईशान्येचा संडास दक्षिणेला नेण्यापेक्षा पन्नास कवेलू बदलून देणं केव्हाही स्वस्त. शिवाय खरं बोलून झालेल्या माणसाला एक जादा हक्क मिळतो: तो समोरच्यालाही खरं विचारू शकतो. कारण डिस्टेंपर गिऱ्हाईकही लावून येतं. "लोन तर झालंच समजा" हा त्याचा पिस्ता रंग. मातीच्या भिंती पाहून बँक बांधकामाचं उरलेलं आयुष्य विचारते आणि झालेलं लोन तिथेच अडतं; म्हणून मंजुरीचं पत्र आधी बघावं. "इसार नगदी देतो, लगेच मोजून घ्या" हा त्याचा ऑइलपेंट. घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त इसार रोखीने घ्यायला जून 2015 पासून आयकर कायद्याची बंदी आहे, दंड घेतलेल्या रकमेइतकाच, आणि तो देणाऱ्याला नव्हे, घेणाऱ्याला. तेव्हा बादली दाखवून झाली, चहा झाला, की चेकबुक आणलंय का एवढं विचारावं. नसेल आणलं तर पाऊस थांबेपर्यंत बसवून घ्यावं आणि विहीर दाखवावी.