बत्तीस बोअरचे शेठ

उरण तालुक्यातील जासई हे शेतकरी नेते दि. बा. पाटील यांचे जन्मगाव. जानेवारी १९८४ मध्ये या परिसरात त्यांच्या नेतृत्वाखाली भूसंपादनाविरुद्ध झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले आणि त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकास परत देण्याची योजना पुढे आली. भूखंड, न्हावा-शेवाचे बंदर, कंटेनर यार्ड आणि भरावाची कंत्राटे यांच्या संयोगातून या पट्ट्यात जे अनेक सामाजिक प्रकार उदयास आले, त्यांपैकी अभ्यासकांचे विशेष लक्ष वेधणारा प्रकार म्हणजे परवानाधारक शेठ होय. हा कोणी एक माणूस नव्हे; कमरेच्या उजव्या बाजूला किंचित फुगवटा असलेला पांढरा शर्ट ही त्याची ओळख आहे.

या फुगवट्याच्या मुळाशी बहुधा कानपूरच्या सरकारी कारखान्यात बनलेले .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर असते. बोअर म्हणजे नळीच्या पोकळीचा व्यास, आणि .३२ म्हणजे इंचाच्या शंभर भागांपैकी बत्तीस, अर्थात सुमारे आठ मिलिमीटर. शस्त्र कायदा, १९५९ अन्वये ९ मिलिमीटर व .४५५ यांसारखे लष्करी-पोलिसी बोअर सामान्य नागरिकास वर्ज्य असल्याने, आणि विदेशी शस्त्रांची व्यापारी आयातही कित्येक वर्षांपासून बंद असल्याने, शेठला बत्तिशीवरच समाधान मानावे लागते. हे शस्त्र दाखवता येत नाही आणि दिसल्यावाचून त्याचा उपयोग नाही, हा पेच शेठ मोठ्या कौशल्याने सोडवतो. हळदीच्या मांडवात तो खुर्चीत बसण्यापूर्वी शर्ट सावरतो, आणि हे सावरणे शेवटच्या रांगेतील पाहुण्यालाही दिसेल इतके सावकाश चालते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर समारंभात हयगयीने बार उडवून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे त्याला पाठ असते. त्यामुळे बेंजो कितीही टिपेला पोहोचला तरी रिव्हॉल्व्हर गप्पच राहते.

तथापि, गप्प राहणाऱ्या शस्त्राच्या मालकाला एक प्रश्न सतत छळतो, तो म्हणजे मोठा बार कसा वाटत असेल. त्याचे उत्तर त्याला पट्टायाच्या सहलीत मिळते, कारण तेथील रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या बंदिस्त मैदानावर, पर्यटकास पैसे मोजून .४४ मॅग्नम झाडता येते. १९५०च्या दशकात अमेरिकेत निघालेले आणि १९७१ च्या ‘डर्टी हॅरी’ या चित्रपटाने जगभर पोहोचवलेले हे काडतूस साधारण बाराशे ज्यूलहून अधिक ऊर्जा निर्माण करते, तर शेठच्या .३२ ची ऊर्जा दीडशेच्या आसपास असते. गोळी पुढे जाताना शस्त्र तितक्याच संवेगाने मागे येते आणि नळी मुठीच्या वर असल्याने ती आकाशाकडे उसळते. याला प्रत्याघात म्हणतात. शिवाय फिरते चक्र आणि नळी यांच्यामधील फटीतून तप्त वायू बाजूला फेकला जातो, म्हणून डाव्या हाताची बोटे चक्राच्या पुढे जाऊ न देण्याची ताकीद आधीच दिली जाते.

पहिल्या बाराला शेठ हसतो, दुसऱ्याला हसू आवरते, आणि तिसऱ्यापासून हात मनाच्या आधी निर्णय घेऊ लागतात: चाप पुरता ओढला जाण्यापूर्वीच डोळे मिटतात, मनगट खाली दबते आणि गोळी कागदाच्या डाव्या खालच्या कोपऱ्याशी लगट करते. हा दोष उघडा पाडण्यासाठी जाणता प्रशिक्षक नेमबाजाच्या नकळत चक्रात एक रिकामे टरफल बसवतो. चाप ओढला जातो, घोडा नुसता टक् करून पडतो, बार होत नाही, तरीही नळी नमस्कार घातल्यासारखी खाली वाकते आणि कानांवरच्या मफच्या आत शेठचा चेहरा आवळलेलाच राहतो. मित्राने काढलेला व्हिडिओ नेमका या क्षणाच्या अलीकडे कापला जाऊन गावच्या ग्रुपवर येतो आणि त्याखाली वाघांच्या चित्रांची रांग लागते.

शेठची खरी अडचण घरात असते. नेमबाज सुमा शिरूर यांच्या प्रशिक्षणकार्यामुळे पनवेल परिसरात नेमबाजी हा शिकण्याचा खेळ झाला असून, ४.५ मिलिमीटरच्या छऱ्याच्या पिस्तुलाने दहा मीटरवरचे वर्तुळ टिपणारी एखादी पुतणी अशा घरात निघतेच. फ्रेम करून ऑफिसात लावलेला पट्टायाचा कागद ती क्षणभर न्याहाळते आणि निरागसपणे विचारते, “काका, चाप ओढताना डोळे मिटले होते का?” शेठ यावर चहा मागवतो.

या प्रकाराची प्रतिष्ठा मात्र अशा प्रश्नांनी ढळत नाही, कारण ती नेमावर उभी नसून नोंदीवर उभी आहे. निवडणुकीची आचारसंहिता लागली की छाननीनंतर अनेक परवानाधारकांना आपली शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. इतर नागरिकांना हा जाच वाटेल. शेठला मात्र आपले नाव यादीत नसेल तरच काळजी लागते. आदेश आला की तो गाडी काढतो, वाटेत चार ठिकाणी थांबून “जमा करायला चाललोय” असे सांगतो आणि पोचपावतीची झेरॉक्स काढून ठेवतो. रिव्हॉल्व्हर महिनाभर ठाण्यात राहते. मांडवात शर्ट सावरणे त्या महिन्यातही चालूच असते, आणि त्याने कोणालाही फरक पडत नाही.