तपासणीपुरता उतार

दिव्यांग माणसाचं घर शोधणं सरकारी यंत्रणेला मुळीच जड जात नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मतदारांनी आणि पंच्याऐंशी ओलांडलेल्या आजीआजोबांनी घरून मतदानासाठी १२-ड चा अर्ज भरला, की मतपत्रिका, मतदान अधिकारी, पोलीस आणि व्हिडिओवाला असा सगळा लवाजमा त्यांच्या दारात हजर होत होता. मतदान केंद्रावर येऊ इच्छिणाऱ्यांसाठी व्हीलचेअर आणि रॅम्प. नावं ठेवायला जागाच नव्हती.

ही केंद्रं बहुतेक शाळांतच असतात. मतदान आटोपलं की मंडपवाला आपला लाकडी रॅम्प टेम्पोत टाकून नेतो. पुढे शाळा भरते तेव्हा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीला तिचे वडील उचलून वर्गात बसवतात आणि मधल्या सुट्टीत तिला बाथरूमला न्यायला आई कामावरून पळत येते. मतदार होईपर्यंत पोरीनं पाणी जरा बेतानंच प्यावं, अशी व्यवस्थेची माफक अपेक्षा दिसते.

पक्के रॅम्प नाहीतच असं मात्र नाही. केंद्र सरकारच्या यूडायस प्लस या शालेय माहिती प्रणालीच्या २०२४-२५ च्या आकडेवारीनुसार देशातल्या ५४.९ टक्के शाळांत कठड्यासह रॅम्प आहे. आता रॅम्पचा उतार एकास बारा हवा, असं मानक सांगतं. जोतं दीड फूट उंच असेल तर रॅम्प अठरा फूट लांब. पण तालुक्याच्या ठिकाणच्या एखाद्या विद्यालयात (नाव कशाला घ्या, वाचकांनी आपापलं आठवावं) पाचव्या फुटावरच संस्थापकांच्या मातोश्रींच्या नावाची कमान येते. कमान हलवणं संस्कृतीत बसत नाही, म्हणून रॅम्प पाच फुटांत उरकतात. त्यावरून व्हीलचेअर वर जात नाही; खाली मात्र फार वेगानं येते. पोरांना या बांधकामाचा खरा उपयोग पहिल्याच दिवशी कळतो आणि ती दप्तरं बुडाखाली घेऊन घसरू लागतात. मग शिस्तीखातर मुख्याध्यापक रॅम्पच्या तोंडाशी स्वतःची स्प्लेंडर उभी करतात. तपासणीच्या दिवशी गाडी हलते, फोटो निघतो, पोर्टलवर ‘होय’वर टिचकी पडते, गाडी परत जागेवर.

शेजारी दिव्यांगांचं स्वच्छतागृह. तिथे टाइल्स आहेत, कमोड आहे, धरायला स्टीलचे दांडे आहेत आणि दाराला कुलूप आहे. आत लेझमा, फक्कीची पोती आणि गेल्या गणपतीचं मखर सुखरूप आहे. किल्ली शिपायाकडे आणि शिपाई पंचायत समितीत.

या सगळ्याला कायद्याचा आधार नाही, असं कोणी म्हणू नये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं दिव्यांगत्वाच्या सात प्रकारांचे एकवीस केले आणि सरकारी नोकऱ्यांतलं आरक्षण तीनवरून चार टक्क्यांवर नेलं. सार्वजनिक इमारती नियम आल्यापासून पाच वर्षांत सुगम करा, असंही बजावलं. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे मुदत जून २०२२ मध्ये संपली. इमारतींना मात्र हे कोणी कळवलं नसावं. राजीव रातुरी या दृष्टिहीन नागरिकानं २००५ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका घातली होती; तिच्यावर ८ नोव्हेंबर २०२४ ला निकाल आला, तेव्हा एक गंमत चव्हाट्यावर आली. कायदा म्हणत होता ‘करा’ आणि त्याखालचा नियम क्रमांक १५ म्हणत होता ‘जमलं तर करा’. न्यायालयानं तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक मानकं आखायला सरकारला तीन महिने दिले. एकोणीस वर्षांपुढे तीन महिने म्हणजे घाईच झाली.

या देशात सुगमतेचा शेवटचा उपाय म्हणजे दोन धडधाकट नातेवाईक. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत, खारच्या विवाह नोंदणी कार्यालयात, दिव्यांग हक्कांसाठी लढणाऱ्या विराली मोदी यांना त्याचा अनुभव आला. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि सह्या घ्यायला खाली यायची साहेबांची तयारी नाही. शेवटी नवरीला उचलून दोन मजले वर नेलं. त्यांनी हे समाजमाध्यमावर मांडल्यावर तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी दिलगिरी व्यक्त केली. मतासाठी दारात जाणारं सरकार सहीसाठी दोन जिने उतरू शकलं नाही, यात विसंगती शोधू नये. खाती वेगळी आहेत.

बदल्यांचा हंगाम आला की मात्र जिल्हा परिषदांत समावेशनाला बहर येतो. शिक्षकांच्या बदल्यांत दिव्यांगांना विशेष संवर्गातून सवलत आहे आणि ती असायलाच हवी. पण काहींना नेमकं अर्ज भरायच्या सुमारास ऐकू यायचं कमी होतं आणि शहराजवळची शाळा मिळताच पुन्हा ऐकू येऊ लागतं. प्रमाणपत्रांच्या फेरतपासण्या झाल्या, निलंबनंही झाली. पण जन्मापासून बहिरा असलेला शिक्षकही त्यामुळे संशयाच्या रांगेत गेला. तो पुन्हा सिव्हिलला चकरा मारतो, पुकारा झाला की त्याला ऐकू येत नाही, आणि त्याचा नंबर जातो.

खासगी कंपन्यांचं काम जास्त टापटीप. तिथे ३ डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिन साजरा होतो, निळे टी-शर्ट वाटले जातात आणि ‘डायव्हर्सिटी अँड इन्क्लूजन’वर परिसंवाद ठेवतात. व्यासपीठाला चार पायऱ्या असल्यामुळे व्हीलचेअरवरचे प्रमुख वक्ते खाली, फुलांच्या कुंडीशेजारी बसतात आणि वर बसलेले चौघे त्यांच्या जिद्दीचं कौतुक करतात. खुणांच्या भाषेचा दुभाषी नसतो. बजेट टी-शर्टांत संपलेलं असतं. मग डोळ्यांवर पट्टी बांधून चहा ओतायचा खेळ. पाच मिनिटांनी पट्टी सोडून एचआरबाई सद्गदित होतात, सगळे टाळ्या वाजवतात. दुपारी त्यांच्याच टेबलावर एका दृष्टिहीन एम.कॉम. उमेदवाराचा अर्ज येतो. तो कॉम्प्युटरवर स्क्रीन रीडर लावून काम करतो. बाई अर्ज बाजूला सारतात. जागा टेबलावरच्या हिशेबाची, पण जाहिरातीत ‘स्वतःची टू-व्हीलर आवश्यक’ ही अट आहे. ती कोणी, कशासाठी टाकली, हे कोणालाच आठवत नाही. म्हणून ती काढताही येत नाही. समान संधी धोरण प्रत्येक आस्थापनेनं जाहीर करावं असं दिव्यांग हक्क कायद्याचं २१ वं कलम सांगतं. ते धोरण कंपनीच्या संकेतस्थळावर आहेच. स्कॅन केलेलं पान आहे, त्यामुळे स्क्रीन रीडरला तेवढं वाचता येत नाही.

आणि समजा नोकरी मिळालीच, तर पगारासाठी खातं लागतं आणि खात्याच्या ऑनलाइन केवायसीसाठी मोबाईलसमोर डोळे मिचकवावे लागतात. ॲसिड हल्ल्यानं पापण्यांची हालचालच गेलेल्या बाईनं काय मिचकवायचं? प्रज्ञा प्रसून यांना हाच प्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. ३० एप्रिल २०२५ ला न्यायालयानं डिजिटल सेवा मिळणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि केवायसी सुधारण्यासाठी वीस निर्देश दिले. माणूस जिवंत आहे की नाही, हे ओळखायला पापणीखेरीज दुसरं काही चालेल का, एवढं ठरवायला देशाचं सर्वोच्च न्यायालय लागलं.

आपल्या त्या कमानवाल्या विद्यालयाच्या संचालक मंडळानंही अलीकडे हा विषय गांभीर्यानं घेतला, ऐनवेळच्या विषयांत. सचिवांनी दिव्यांग हक्क कायद्याचं ८९ वं कलम वाचून दाखवलं: पहिल्या उल्लंघनाला दंड १० हजारांपर्यंत, पुन्हा केलं तर ५० हजार ते ५ लाख. कमान पाडून अठरा फुटी रॅम्प बांधायचा खर्च अध्यक्षांनी विचारला. आकडा ऐकून खजिनदारांनी चहा मागवला. आजवर पहिल्यांदाच कोणी पकडलेलं नाही, तर दुसऱ्यांदाचा प्रश्न येतो कुठे, हा त्यांचा मुद्दा सर्वांना पटला. अंदाजपत्रकात ‘संभाव्य दंड’ या शीर्षाखाली १० हजारांची तरतूद एकमतानं मंजूर झाली. शिवाय तपासणीआधी रॅम्पवर व्हीलचेअरचं चित्र नव्यानं रंगवायला दीड हजार.