फोटोपुरते पाहुणे

डिसेंबर उजाडला की महाराष्ट्रात दोन हंगाम ऐन भरात येतात. एक उसाचा आणि दुसरा प्रमुख पाहुण्यांचा. उसाला निदान एफआरपी ठरलेली असते, पाहुण्याला तीही नाही. कुणी येण्याजाण्याची गाडी, एसी खोली आणि वर पाकीट घेतो. कुणी एसटीने येतो आणि परत जाताना तिकीट पुढे करायलाही संकोचतो. कुणाला पैसे नकोच असतात, पत्रिकेत नाव तेवढं पहिल्या ओळीत आणि ठळक टायपात हवं असतं. हे शेवटचे सगळ्यांत महाग पडतात. कारण ते येईपर्यंत सभागृहातली पाचशे पोरं दीड तास ‘थोड्याच वेळात मान्यवरांचं आगमन होत आहे’ हे एकच वाक्य ऐकत बसलेली असतात.

पाहुणा ठरतो तो फोनवर, आणि बहुतेक वेळा गुरुवारी संध्याकाळी.

“सर, नमस्कार. शनिवारी आमच्या कॉलेजवर यायचंय बरं का.”

“शनिवारी? म्हणजे परवाच?”

“हो सर. आधी ज्यांना सांगितलं होतं, त्यांना अचानक मुंबईला जावं लागतंय.”

“बरं. विषय काय?”

“विषय तुम्ही घ्याल तो! तुम्हाला आम्ही काय सांगायचं, सर?”

“अहो, पण मुलं कुठल्या शाखेची आहेत?”

“कॉमर्सची आहेत. कमी पडली तर सायन्सची आणून बसवतो. तेवढा बायोडेटा आणि एक चांगला फोटो व्हॉट्सॲप करा ना, फ्लेक्सवाला थांबलाय.”

फ्लेक्सवाला थांबलाय, हे खरं आहे. बाकी कुणी कशासाठी थांबलेलं नाही. व्याख्यान विषयावाचून होऊ शकतं, फोटोवाचून होत नाही. त्या फ्लेक्सवर पाहुण्यापेक्षा संस्थेचे अध्यक्ष मोठे असतात, अध्यक्षांपेक्षा त्यांचे कैलासवासी वडील मोठे असतात आणि व्याख्यानाचा विषय सगळ्यांत खाली, बरोब्बर टेबलावरच्या पुष्पगुच्छामागे झाकला जाईल अशा जागी असतो.

आयोजक प्राध्यापकाला मी दोष देत नाही. त्याच्या डोक्यावर फाइल आहे. कॉलेजांना दर्जा देणारी बेंगळुरूची नॅक १९९४ साली स्थापन झाली, तेव्हा हेतू चांगलाच होता. कॉलेजात काय चाललंय ते बाहेरच्यांनी येऊन पाहावं, एवढंच. पण पाहायला पुरावा लागतो. आणि व्याख्यान झाल्याचा पुरावा म्हणजे काय, तर निमंत्रणपत्र, पाहुण्याचं संमतिपत्र, हजेरीपट, अहवाल, बातमीचं कात्रण आणि जिओटॅग केलेला फोटो. त्या फोटोच्या कोपऱ्यात अक्षांश आणि रेखांश उमटलेले असतात. पाहुणा नेमका कुठे उभा राहून बोलला, हे त्यामुळे दशांश चिन्हापुढच्या सहा आकड्यांपर्यंत सिद्ध करता येतं. काय बोलला, हे अहवालात एका ओळीत असतं, आणि ती ओळ गेल्या वर्षीच्या अहवालातून आलेली असते. राहता राहिला गूगल फॉर्म. तो भरल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही, म्हणून पोरं तो पाहुणे उभे राहण्याआधीच भरून मोकळी होतात. व्याख्यान कसं वाटलं? एक्सलंट.

पाहुण्याचा हिशेब वेगळा, पण तोही कागदाचाच. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत निमंत्रित व्याख्यानाला गुण आहेत. परदेशातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ७, देशातल्याच आंतरराष्ट्रीय परिषदेत ५, राष्ट्रीय पातळीवर ३, राज्य किंवा विद्यापीठ पातळीवर २. व्याख्यान तेच, स्लाइड त्याच, मधल्या विनोदाची जागाही तीच. बॅनरवरचं विशेषण बदललं की भाव बदलतो. म्हणून तर तालुक्याच्या गावी, जिथे दुपारी दोननंतर एसटी नाही, तिथे आंतरराष्ट्रीय परिषद भरते. आंतरराष्ट्रीय कशी, हे विचारू नये. संस्थेच्या सचिवांचा कुणीतरी भाचा न्यू जर्सीत असतोच. इकडे सकाळचे अकरा वाजलेले असतात, तिकडे मध्यरात्र उलटून गेलेली. बिचारा वरती कोट आणि खाली पायजमा अशा वेशात झूमवर येतो. पहिली दहा मिनिटं ‘माझा आवाज येतोय का?’ आणि पुढची दहा ‘मामा, तुम्ही म्यूटवर आहात’ यात जातात. अहवालात याची नोंद बीजभाषण अशी होते.

आता प्रत्यक्ष कार्यक्रम. वेळ सकाळी दहा, म्हणजे पावणेबारा. सरस्वतीच्या प्रतिमेला हार घालून झाला की समईकडे मोर्चा वळतो, आणि इथे दर वेळी तेच नाट्य घडतं. मेणबत्ती पेटवून अध्यक्षांच्या हाती दिली जाते. अध्यक्ष ती सौजन्याने पाहुण्यांकडे देतात, पाहुणे सौजन्याने प्राचार्यांकडे, तोवर मेण प्राचार्यांच्या बोटावर. पहिली वात लागते आणि वरच्या पंख्याने विझते. “पंखा बंद करा रे!” कुणीतरी धावतं आणि चुकून माइकचं बटण बंद करतं. पंखा थांबतो, वात लागते; पण फोटोग्राफर सांगतो, “सर, मघाशी फ्लॅश पडला नाही, परत एकदा.” मग पेटलेली वात पुन्हा पेटवल्यासारखी करत, चार कर्तबगार माणसं एकाच मेणबत्तीला हात लावून कॅमेऱ्याकडे बघत उभी राहतात. अंधारातून प्रकाशाकडे वगैरे सूत्रसंचालिका तेवढ्यात म्हणून घेते.

त्यानंतर परिचय. पाहुण्याने स्वतःच लिहून पाठवलेला बायोडेटा एक तरुण प्राध्यापक थरथरत्या आवाजात वाचून दाखवतो आणि पाहुणा स्वतःचंच गुणगान पहिल्यांदा ऐकत असल्यासारखा विनयाने मान खाली घालतो. दहावीच्या टक्क्यांपासून सुरुवात होते. शोधनिबंध, पुरस्कार, परदेशवाऱ्या, समित्या, त्यांतल्या किती समित्या बरखास्त झाल्या हे वगळून. मग शाल आणि श्रीफळ. या शालींचं एक गुपित सांगून ठेवतो. महाराष्ट्रात सत्काराच्या शाली फारशा नव्या विणाव्या लागत नाहीत. आहेत त्याच फिरत असतात. पाहुण्याच्या कपाटातून त्या दुसऱ्या सत्कारात जातात, तिथून तिसऱ्या. नारळाचं तसं होत नाही, तो खोबऱ्यासाठी तरी फुटतो. म्हणून सत्कारातली नारळ ही एकच वस्तू मला प्रामाणिक वाटते.

बारा वीसला पाहुणा उभा राहतो. ‘व्यासपीठावरील सर्व मान्यवर’ यात चार मिनिटं जातात, कारण एक नाव राहिलं तर संस्थेत दोन गट पडतात. मग तो म्हणतो, “मी तुमचा फार वेळ घेणार नाही.” सभागृहातला अनुभवी श्रोता इथे खुर्चीत खाली सरकून बसतो.

पुढचं भाषण तुम्हीही म्हणू शकाल. आजचा तरुण मोबाइलमध्ये हरवला आहे (हे ऐकायला समोरचे तरुण मोबाइलमधून क्षणभर मान वर करतात). आमच्या वेळी कंदिलाखाली अभ्यास होता. नदी पोहून शाळा होती. या राज्यात एका पिढीने एवढ्या नद्या पोहल्या, तरी ऑलिंपिकला जलतरणात आपलं पदक कसं नाही, हे कोडं आहे. नंतर कलामसाहेबांची स्वप्नं येतात आणि मग हमखास स्टीव्ह जॉब्ज. २००५ च्या जूनमध्ये स्टॅनफर्डच्या पदवीदान समारंभात जॉब्ज बोलले, ते कागदावरून वाचून, सुमारे पंधरा मिनिटांत. तीन गोष्टी सांगितल्या आणि बसले. आपल्याकडे त्यांतली एकच गोष्ट सांगायला पाऊण तास लागतो, कारण मध्ये वक्त्याचे स्वतःचे चिरंजीव येतात, आणि ते सध्या टोरांटोला असतात.

मागून चिठ्ठी येते. चिठ्ठीवर ‘जेवण तयार आहे’ असं लिहिलेलं असतं. पाहुणा ती वाचतो, घडी घालून खिशात ठेवतो आणि म्हणतो, “जाता जाता शेवटचा मुद्दा.”

हे फक्त कॉलेजांतच चालतं असं समजू नका. डॉक्टरांचं पाहा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणीचं नूतनीकरण करायचं तर पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट जमवावे लागतात. नवं ज्ञान कानावर पडत राहावं, ही त्यामागची कल्पना. त्यासाठी हॉटेलात तज्ज्ञ येतो, जिवाच्या आकांताने स्लाइड दाखवतो, आणि मागच्या दाराशी रजिस्टरवर सही करून थेट बुफेकडे जाणाऱ्यांची रांग त्याला व्यासपीठावरून स्पष्ट दिसत असते. प्रश्नोत्तरांना उरतात ते दोघे. एकाला खरंच शंका असते, दुसऱ्याला स्वतःची केस सांगायची असते. बाकीच्या व्यवसायांची नावं घेत नाही. आमच्या वृत्तपत्र व्यवसायाचं मात्र सांगतो. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ‘प्रमुख पाहुण्यांनी मोलाचे मार्गदर्शन केले’ असं छापून येतं. काय मार्गदर्शन केलं? ते मोलाचं होतं, एवढं पुरे. बातमी आदल्या दिवशीच टाइप होऊन आलेली असते, व्याख्यान झालं नाही तरी ती खोटी ठरत नाही. उपस्थितांच्या नावांत मात्र चूक चालत नाही. त्यासाठी फोन येतात.

अशा कार्यक्रमात खरं बोलणारा एकच जण असतो, तो म्हणजे आभार मानणारा. मंडपवाला, माइकवाला, खुर्च्या लावणारे एनएसएसचे विद्यार्थी, चहा देणाऱ्या मावशी, ज्यांनी काम केलं त्यांची नावं त्याच्याच कागदावर असतात. आणि त्याच वेळी सगळं सभागृह उठून पोळी-भाजीकडे निघालेलं असतं.

मग पाहुण्याने काही सांगितलंच नाही, तर बोलावतात कशाला? उत्तर सोपं आहे. त्याने काही सांगू नये, म्हणूनच एवढी तयारी असते. दीपप्रज्वलन, परिचय, शाल, श्रीफळ हे सगळं आटपेपर्यंत माणूस इतका मऊ झालेला असतो, की यजमानाला बोचेल असं काही बोलण्याची त्याची छाती होत नाही. ज्याची छाती होते त्याचं काय करायचं, याचीही आपल्याकडे परंपरा आहे, आणि ती शालींपेक्षा जुनी आहे.

फेब्रुवारी १९१६. काशीच्या हिंदू विद्यापीठाच्या स्थापनेचा सोहळा. व्यासपीठावर राजे-महाराजे, अध्यक्षस्थानी दरभंग्याचे महाराज. गांधी नावाचा, आफ्रिकेहून परतून वर्ष झालेला एक बॅरिस्टर बोलायला उभा राहिला आणि समोरच्या पाहुण्यांच्या अंगावरच्या हिरे-माणकांबद्दल बोलू लागला. विश्वनाथाच्या देवळाच्या आसपासच्या घाणीबद्दलही बोलला. ॲनी बेझंटनी मध्येच थांबायला सांगितलं, श्रोते ‘बोला, बोला’ म्हणाले, संस्थानिक उठून गेले, अखेर अध्यक्षही गेले. भाषण अर्धंच राहिलं. त्या सोहळ्यातलं दुसरं एखादं भाषण तुम्हाला ठाऊक आहे का?

१९३६. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने डॉ. आंबेडकरांना परिषदेचं अध्यक्षपद दिलं आणि भाषणाचा मसुदा हाती पडल्यावर मंडळींना घाम फुटला. खटकणारा तेवढा भाग गाळा, अशी विनंती झाली. एक स्वल्पविरामही बदलणार नाही, असं बाबासाहेबांनी कळवलं. मंडळाने परिषदच रद्द केली. जातपात तोडायला निघालेल्या मंडळाला जातपात तोडण्यावरचं भाषण सोसवलं नाही! बाबासाहेबांनी ते स्वतःच्या खर्चाने छापलं.

फार लांब कशाला, जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वं साहित्य संमेलन भरलं. उद्घाटक म्हणून लेखिका नयनतारा सहगल यांना बोलावलं आणि मग तेच निमंत्रण परत घेतलं. त्यांचं भाषण आधीच पोहोचलेलं होतं. मंडपात झालं असतं तर निम्मे लोक चहाला गेले असते, परत घेतल्यामुळे ते घराघरांत वाचलं गेलं. उद्घाटन आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची पत्नी वैशाली येडे यांच्या हस्ते झालं, आणि बायोडेटाच्या नावाने काहीच नसलेल्या त्या बाईंचं बोलणं लोकांनी कान देऊन ऐकलं. त्यानंतर महिना उलटतो न उलटतो तोच मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात, प्रभाकर बरवे यांच्या चित्रांच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला अभिनेते अमोल पालेकर बोलत होते. संग्रहालयाच्या कारभाराचा विषय निघताच त्यांना पुन्हा पुन्हा अडवलं गेलं. बरव्यांबद्दल बोला म्हणे. शनिवारच्या पाहुण्याला आपण विषयच सांगत नाही, तो अशा वेळी मात्र यजमानांना अचूक आठवतो.

पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. तेव्हा जिओटॅग नव्हता, गुण नव्हते, प्रमाणपत्रही नव्हतं. लोक ऐकायला यायचे आणि वाद घालत घरी जायचे. आता वाद झाला तर अहवालात काय लिहायचं, हा प्रश्न पडतो.

तेव्हा संयोजक मंडळींना एक विनंती. यंदाच्या स्नेहसंमेलनाची यादी अजून फ्लेक्सवाल्याकडे गेली नसेल, तर तिच्यात एक तरी नाव असं घाला, की जे वाचून तुमच्या संस्थेच्या अध्यक्षांची झोप उडेल. पंखा आधीच बंद ठेवा, परिचय दोन ओळींत उरका, पोरांना पुढच्या खुर्च्या द्या आणि बुफे भाषणानंतरच उघडा. शाल देऊ नका. परतीच्या एसटीचे पैसे मात्र न मागता द्या.