‘आपल्याकडं न्हाई लागत’वाल्या मेस्त्रींना खुले पत्र

मेस्त्री,

गाडी गरम होते म्हणून तुमच्याकडे आणली आणि तुम्ही ती कायमची थंड करून दिलीत. थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढलात, कव्हर पुन्हा आवळलंत आणि वर निकाल दिलात, “आपल्याकडं न्हाई लागत त्यो. थंड मुलखातल्या गाड्यांस्नी असतोय.” कंपनीच्या इंजिनिअरांना कोल्हापूरची हवा माहीत नसणार, दुसरं काय! ज्या गावच्या फौंड्र्यांत इंजिनाचे भाग ओतले जातात, तिथला मेस्त्री चुकेल कसा?

मग पावसाळ्यात गगनबावड्याला निघालो. करूळ घाटाच्या तोंडाशी धुकं, आत चौघांचे श्वास, समोरची काच पांढरीफटक. एसीची कोरडी हवा जरा तापवून काचेवर सोडली की वाफ भराभर जाते, म्हणून हीटर लावला. आला गार वारा. सबंध घाट मेहुणा रुमालाने काच पुसत होता आणि तुमचं नाव काढत होता.

परत येऊन सांगितलं, तर तुम्ही हीटरलाच बाद ठरवलंत आणि डॅशबोर्ड उतरवायला निघालात! अहो, बर्फाळ देशांतल्या ट्रकांना टाकीतलं डिझेल जाळणारा वेगळा हीटर असतो. आपल्याकडच्या हीटरला स्वतःचा जाळच नाही. इंजिनाचं तापलेलं पाणी छोट्या जाळीतून फिरतं, पंखा त्यावरून हवा ढकलतो. पाणीच कोमट, तर हवा तापणार कशी?

त्या व्हॉल्व्हच्या पोटात मेण असतं. साधारण 82 ते 88 अंशांना ते वितळून फुगतं आणि रेडिएटरची वाट उघडतं. तोवर पाणी इंजिनातच फिरतं. वाट सदाची उघडी राहिली की इंजिन तापता तापत नाही, जादा डिझेल पितं, काजळी धरतं. बीएस-6 डिझेल गाडीत ती साठलेली काजळी जाळायलाही इंजिन नीट तापावं लागतं. पण काटा खाली दिसला ना, मग तुमच्या लेखी गाडी ठणठणीत.

मूळ दुखणं होतं रेडिएटरचं. क्षाराने तुंबला होता. कूलंटऐवजी बोअरचं पाणी भरायचा सल्ला कुणाचा, हे मी चारचौघांत सांगत नाही.

उद्यमनगरातल्या दुसऱ्या मेस्त्रींनी थंड इंजिन चालू केलं, थोड्या वेळाने रेडिएटरच्या वरच्या होसपाइपला हात लावला. पाइप आधीच कोमट! “व्हॉल्व्ह न्हाईच की वो हितं.” ना डॅशबोर्ड उतरवला, ना हीटरला शिव्या दिल्या. रेडिएटर साफ केला, नवा व्हॉल्व्ह बसवला, कूलंट भरून आतली हवा काढली.

वाचकहो, हीटर गार वाटला तर आधी कूलंटची पातळी बघा, मग थंड इंजिन सुरू करून ही होसपाइपची परीक्षा घ्या. फक्त गरम इंजिनावर रेडिएटरचं टोपण उघडू नका.

आणि मेस्त्री, काढलेला व्हॉल्व्ह परत द्या. त्याचे पैसे मी गाडी घेतानाच भरले होते.