रिवर्कला सातने गुणा

मोडनिंबमध्ये कुठल्याही दुरुस्तीचा खर्च विचारा, उत्तर ठरलेलं असतं, "आधी खोलू तर द्या!" मग ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स असो, विहिरीवरची मोटर असो, नाहीतर भावकीतलं बांधाचं भांडण. लोकांना ही चालढकल वाटते. माझ्या मते अख्ख्या माढा तालुक्यात याहून प्रामाणिक अंदाज कुणी देत नाही.

माझ्या मेव्हण्याचं हायवेच्या कडेला लेथचं वर्कशॉप आहे. गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्या, एरवी पुण्याकडच्या एका कंपनीचं जॉबवर्क. मी कॉमर्सचा, म्हणून वह्या माझ्याकडे. ऐन जानेवारीत कंपनीनं ५०० पिनांचा लॉट परत धाडला. शेरा असा : काही पिनांचा व्यास ०.०२ मिलिमीटरने जास्त. माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असतो. म्हणजे केसाच्या तिसऱ्या हिश्श्यासाठी टेम्पो दीडशे किलोमीटर उलटा आला. आमच्याकडे ट्रॉलीचं काम सुतात चालतं, आणि एका सुतात तीन मिलिमीटर आरामात बसतात. सुतावरून स्वर्ग गाठणारे आम्ही, कंपनीनं मायक्रॉनवरून नरक दाखवला.

वर्कशॉपचे मिस्त्री मात्र खुशीत. "जाड झाली म्हणून वाचलो. जाडीची बारीक होते. बारीक झाली असती तर वेल्डिंग भरा, परत टर्निंग करा, नाहीतर भंगार. भोकाचं उलटं. बारीक भोक मोठं करता येतं, मोठ्याला बुश मारावा लागतो. चुकायचंच तर माल शिल्लक ठेवून चुकावं."

मिस्त्रींचे गुरू कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यातले. हा कारखाना मूळचा बार्शी लाइट रेल्वेचा. ही रेल्वे १८९७ साली धावू लागली, तेव्हा तिची इंजिनं इंग्लंडातल्या लीड्सहून आली होती. पार्ट बिघडला म्हणून रिजेक्शनचा शेरा मारून लीड्सला परत पाठवायची सोय नव्हती. आहे त्यातच भागवायचं, ही त्या घराण्याची शिस्त.

मेव्हण्यानं तिथल्या तिथं अंदाज सांगितला. "दाजी, खराब पिना ६०. पिनेला दोन मिनिटं. दोन तास. मशीनचा रेट तासाला ३००. सहाशे रुपये, विषय संपला."

विषय तिथंच सुरू झाला. ६० खराब, पण कुठल्या ६०? चांगल्या-वाईट सगळ्या एकाच पोत्यात. मग एक पोरगा दिवसभर मायक्रोमीटर घेऊन ५०० पिना मोजत बसला : ५०० रुपये. मशीनवर चालू काम उतरवून हे सेटिंग लावायला तासभर : ३००. टेम्पो येऊन-जाऊन : २,०००. पिना तपासायला कंपनीचे साहेब जातीनं आले. जानेवारीत सोलापूर जिल्ह्यात आलेला साहेब हुरडा खाल्ल्याशिवाय परत जात नाही, आणि मोडनिंबची बोरं गाडीत ठेवल्याशिवाय आपण त्याला जाऊ देत नाही. ते ८००. बेरीज ४,२००. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हा. यात बिचाऱ्या कोंबडीवर झालेला खर्च फक्त ६००.

एक रक्कम वहीत लिहायला रकानाच नव्हता. लेथ पिनांमध्ये अडकला होता, तेव्हा एक शेतकरी ट्रॉलीचा ॲक्सल घेऊन आला. कारखान्याची तोड लागलेली, ऊस फडात वाळतोय. "उद्या या" म्हटल्यावर तो एक अक्षर न बोलता टेंभुर्णीला गेला. आता त्याचा चुलतभाऊही तिकडंच जातो.

तेव्हा वाचकहो, रिवर्कचा अंदाज तुमच्यापुढे आला की कापायला किती लागतील हे शेवटी विचारा. आधी विचारा : निवडायचं कुणी, वाहायचं कुणी, पुन्हा तपासायचं कुणी, आणि तोवर दारातलं गिऱ्हाईक थांबणार कुठं? समोरचा डोकं खाजवू लागला, तर त्याच्या आकड्याला सातने गुणा. आमच्या वहीत तरी गणित तेवढंच निघालं. आणि तो "आधी खोलू तर द्या" म्हणाला, तर काम बिनधास्त त्यालाच द्या.