५८९ फक्त

पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या तपकीर गल्लीत जाऊन "पिवळा लेसर आहे का?" असं विचारलं, की दुकानदार आधी माझ्याकडे बघतो आणि मग माझ्या मागे, सोबत कुणी जबाबदार माणूस आलंय का ते. लाल आहे, हिरवा आहे, जांभळा मागवून देतो. पिवळा नाही. मी तरी नेटाने म्हणतो, "५८९ हवाय."

"५८९ला नाही परवडत साहेब. ६५०च्या खाली एक रुपया होणार नाही."

आणि तो जो काढून दाखवतो तो लाल लेसर खरोखरच ६५०चा असतो. रुपयांनीही आणि नॅनोमीटरनेही.

लेसरला एकच एक रंग असतो आणि तो नॅनोमीटरमध्ये मोजतात, हे ज्यांना ठाऊक नाही ते सुखी आहेत. ज्यांना कळलं, ते माझ्यासारखे संग्रह करत सुटतात. ४०५, ४४५, ५२०, ५३२, ६३८, ६५०. इथवर खिसा साथ देतो. पण ५३२ पासून ६३०पर्यंत बघा: पोपटी, पिवळा, नारिंगी हा सगळा मुलूख मोकळा. जेजुरीत मूठमूठ भंडारा उधळून अख्खा गड पिवळा होतो. मला भिंतीवर एक ठिपका मिळेना.

यात प्रकाशाची चूक नाही. कुठला रंग स्वस्त व्हायचा ते ठरवतो तो रंग लाखांनी विकत घेणारा. डीव्हीडीला ६५०च्या आसपासचा लाल लागला, म्हणून लाल स्वस्त. ब्लू-रे नावाच्या तबकडीला ४०५ लागला, म्हणून जांभळा आला. (नावात निळा आणि आत जांभळा, पण एवढ्या तेवढ्यावर ग्राहक मंचात कोण जातो?) २०१०च्या सुमारास कॅसिओने दिव्याऐवजी ४४५चे निळे डायोड घातलेले प्रोजेक्टर काढले. एकेका प्रोजेक्टरात २४ डायोड. सुटे डायोड घेण्यापेक्षा धडधाकट प्रोजेक्टर आणून फोडणं स्वस्त, हा हिशोब जगभरच्या हौशी मंडळींच्या ताबडतोब लक्षात आला. त्या काळात त्या प्रोजेक्टरवर सिनेमा बघणाऱ्यांविषयी आमच्यात हळहळ व्यक्त होई.

थोडक्यात, आम्ही उद्योगधंद्यांच्या उष्ट्यावर जगणारी जमात. आणि पिवळ्याच्या पंगतीला कुणी बसलंच नाही. शिवाय पदार्थही अडून बसलेत. लाल डायोडचं मिश्रण पिवळ्याकडे ओढलं की ६३०च्या आसपास त्याचा दम संपत येतो. निळ्या-हिरव्याच्या मिश्रणात इंडियम वाढवत उलट बाजूने यावं, तर स्फटिकच बिघडायला लागतो. दोघेही अलीकडे-पलीकडे उभे, मधे यायला कुणी तयार नाही.

पिवळा घेणारे आहेत, पण ते किंमत विचारत नाहीत. डोळ्यांचे डॉक्टर पडद्याच्या उपचाराला ५७७ वापरतात. आणि खगोलशास्त्रज्ञ. चिलीत पारानाल इथल्या मोठ्या दुर्बिणीवर २०१६ पासून २२ वॉटचे चार लेसर आहेत, थेट ५८९चे. साधारण ९० किलोमीटर उंचीवर, जळून गेलेल्या उल्कांनी मागे ठेवलेला सोडियमचा विरळ थर असतो. तो या रंगाने चमकवायचा, आकाशात खोटे तारे तयार करायचे आणि त्यांच्याकडे बघून हवेची थरथर मोजायची. माझी आकाशापर्यंत जायची इच्छा नाही. मला समोरच्या सोसायटीची टाकीही नको. बैठकीची भिंत पुरे.

"पिवळाच हवाय ना?" बायको म्हणाली. तिने माझ्याच खणातून लाल आणि हिरवा लेसर काढला आणि दोन्ही ठिपके भिंतीवर एकावर एक टेकवले. स्वच्छ, टवटवीत पिवळा ठिपका.

"अगं, तो डोळ्यांना भास आहे." मी जुनी सीडी आणून तिच्यावरून किरण परतवले. सीडीच्या बारीक रेघांनी सोंग उघडं पाडलं: लाल एका जागी, हिरवा दुसऱ्या जागी, मधे काही नाही.

"अहो, मग सीडी बाजूला ठेवा," ती म्हणाली. या मुद्द्यावर पदार्थविज्ञानाकडे उत्तर नाही.

खरा पिवळा करायची एक रीत आहे. ८०८च्या अदृश्य डायोडने निओडिमियमच्या स्फटिकाला डिवचायचं. त्यातून १०६४ आणि १३४२, दोन्ही अदृश्यच, एकदम बाहेर काढायचे आणि दुसऱ्या स्फटिकात त्यांचं लग्न लावायचं. होणारं अपत्य ५९३.५, पिवळं-नारिंगी. असे खिशातले लेसर निघाले होते. नाजूक प्रकरण: खोली जरा गार झाली की रुसतात, गरम झाली तरी रुसतात. स्वस्तातला हिरवाही याच घराण्यातला, आणि तिथे आई-बाप घराबाहेर पडू नयेत म्हणून लावायची गाळणी पैसे वाचवायला गाळलेली असते. अमेरिकेच्या मानक संस्थेने २०१० मध्ये १५ डॉलरचा असा एक लेसर तपासला, तर हिरव्याच्या दसपट अदृश्य प्रकाश बाहेर पडत होता. डोळा मिटत नाही, कारण डोळ्याला काही दिसतच नाही. म्हणून मी आधी चष्मा घेतला. तो त्या त्या रंगाप्रमाणे वेगळा लागतो आणि लेसरपेक्षा महाग पडतो. माझ्याकडे आज लेसरपेक्षा चष्मे जास्त किमतीचे आहेत आणि घरात एकही नीट वाचायचा नाही.

दुसरी रीत थंडीची. लाल डायोड गार केला की अंशामागे साधारण ०.२ नॅनोमीटर सरकतो. आइस्क्रीमवाल्याकडचा कोरडा बर्फ लावला तर ६३८चा नारिंगीपर्यंत येतो. नंतर पुण्याच्या जुलैतली हवा त्यावर दव धरते आणि भिंतीवर कुठलाच रंग उरत नाही.

म्हणून रविवारी जुना बाजार. प्रयोगशाळांतल्या महागड्या सूक्ष्मदर्शकांत हेलियम-निऑनच्या नळ्या असायच्या, काही चक्क ५९४च्या. यंत्र मोडीत निघालं की नळीही निघते. भंगारवाल्याला नॅनोमीटरशी घेणंदेणं नाही, तो किलोवर देतो; जगात पिवळ्याचा भाव एवढ्या न्यायाने कुणीच लावलेला नाही. मी एक हातभर काचेची नळी उचलली. दोन्ही टोकांना आरसे. हेलियम काचेतून हळूहळू निसटतो, त्यामुळे आत काय उरलंय ते देव जाणे, पण लेबलावर ५९४ होतं.

"ट्यूबलाइट आहे ती," तो म्हणाला. "नुसती नेऊन पेटणार नाही. चोक लागेल."

मी चपापलो. नळी चालायला दीड-दोन हजार व्होल्ट, पेटायला त्याच्या कित्येक पट. म्हणजे चोक आणि स्टार्टर दोन्ही आले. हा माणूस तंतोतंत बरोबर होता.

"आहे का तुमच्याकडे चोक?"

"बघतो," तो ढिगात हात घालत म्हणाला. "पण चोक जड असतो. पैसे त्याचे पडतील, नळीचे नाही."