प्रायोगिक

आमच्या सांगलीत त्याला नावानं कुणी ओळखत नाही. गावभागात शिरून 'प्रायोगिक कुठं राहतात?' एवढं विचारा, दूधवालासुद्धा जिना दाखवील. हे विशेषण त्याला कधी चिकटलं ते सांगता येत नाही, पण आता ते असं मुरलंय की भाजीवाली त्याच्या बायकोला 'प्रायोगिकवहिनी' म्हणते. मुलाच्या लग्नात व्याह्यांनी आहेराच्या यादीत 'श्री. प्रायोगिक' असंच लिहिलं होतं. कुणी हसलंसुद्धा नाही.

वय सत्तरीपलीकडे. दाढी पांढरी, झब्बा खादीचा, खांद्याला शबनम. शबनममध्ये हातोडी, सुतळीचा गुंडा, पावतीपुस्तक, रक्तदाबाच्या गोळ्या, विड्यांचं बंडल आणि पाव किलो चुका. या लोखंडाच्या, बाकीच्या करायला त्याला पिशवी लागत नाही. विडी त्यानं तरुणपणी कष्टकऱ्यांशी एकरूप व्हायचं म्हणून धरली. डॉक्टरांनी बंद केल्यापासून तो ती न पेटवता नुसती बोटांत ठेवतो. एकरूपता शाबूत आहे, धूर तेवढा गेला.

धंदा बंडखोरीचा, नोकरी सहकारी बँकेत. या दोन्हींत विसंगती आहे असं त्याला कधी वाटलं नाही. त्या काळी बँक शनिवारी अर्धा दिवस असायची. क्रांती शनिवारी दोनला सुरू व्हायची आणि रविवारी रात्री आटोपायची, कारण सोमवारी सव्वादहाला मस्टरवर सही असे. प्रस्थापितांविरुद्धचा त्याचा सर्वांत जहाल लेख बँकेच्याच लेटरहेडच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलेला मी पाहिला आहे.

सगळ्याचं मूळ पुण्यात. १९७२ च्या डिसेंबरात भरत नाट्य मंदिरात 'घाशीराम कोतवाल' आलं. १९ प्रयोग होऊन ते थांबलं, म्हणजे पाहिलेले लोक मोजकेच असणार. पण 'मी पहिल्या प्रयोगाला होतो' म्हणणारे मला आजवर इतके भेटलेत, की त्या रात्री थिएटरच्या भिंती बाहेर सरकवल्या असाव्यात. हा त्यांतलाच एक. त्याच वर्षी 'सखाराम बाइंडर'चं प्रकरण कोर्टात गेलं. पुढं दादरला छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये नाटकं होऊ लागली. हे सगळं पाहून, ऐकून आणि थोडंसं कल्पून हा सांगलीला परत आला तेव्हा त्याच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती. नाटक बरं की वाईट ते नंतर बघू. ते कुणीतरी बंद पाडलं पाहिजे.

आणि नेमकं इथंच गाव आडवं आलं.

सांगली ही नाट्यपंढरी. ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' इथंच केलं, आणि केलं ते चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या सांगण्यावरून. म्हणजे मराठी रंगभूमीचा जन्मच राजाच्या हुकमानं झालेला. राजा वारल्यावर आश्रय तुटला, मग भावे मंडळी घेऊन गावोगाव हिंडले आणि १८५३ साली मुंबईत तिकीट लावून खेळ केले. प्रायोगिकला हा इतिहास तोंडपाठ आहे आणि तो आठवला की त्याचा चेहरा पडतो. 'अरे, जिथं राजाच नाटक करा म्हणाला, तिथं आपण कुणाला खिजवायचं?' या गावात नाटक करतो म्हटल्यावर लोक शिव्या देत नाहीत. 'अरे वा!' म्हणतात, खांद्यावर हात ठेवतात, आणि येत नाहीत.

आधी त्यानं लघुनियतकालिक काढलं. मुंबईत 'असो', 'येरू', 'फक्त' ही मंडळी साठच्या दशकात धिंगाणा घालून गेली होती. आमच्याकडं ती लाट पोचेपर्यंत आणीबाणी उठली होती. अंक सायक्लोस्टाइल केलेला. कविता अशा की पहिल्या ओळीत देव, दुसरीत गटार. मलपृष्ठावर मात्र एका हळदीच्या अडत्याची जाहिरात, 'आमचेकडे हळद, गूळ व बेदाणा योग्य दराने मिळेल', कारण कागदाचे पैसे त्यांनी दिले होते. भांडवलशाहीच्या नरड्यावर पाय देणारी कविता बरोबर त्या जाहिरातीच्या पाठीला यायची. अडत्यांनी अंक चाळला, जाहिरात सुलटी छापल्याची खात्री केली आणि पुढच्या अंकाचे पैसे आगाऊ दिले. तीन अंक निघाले. अनियतकालिक असल्यामुळं ते बंद पडलं की नाही याचा निकाल अजून लागायचा आहे. शिल्लक गठ्ठे माळ्यावर होते, ते मुलानं आवरून खाली आणले आणि २०१९ चा महापूर घरात शिरला. पाणी ओसरल्यावर तो लगदा बघून प्रायोगिक म्हणाला, 'एकगठ्ठा उचल फक्त कृष्णेनं केली.'

नाटकाचं ठिकाण म्हणजे एका शाळेचा हॉल. मी त्याच्या नाटकांत चाळीस वर्षं 'दुसरा माणूस' आहे. पहिला माणूस तो स्वतः. नावं नसतात, कारण नावं ठेवली की म्हणे जात येते. या हॉलच्या मागच्या भिंतीत एक फळा पक्का बसवलेला आहे आणि त्यावर मुलं रोज सुविचार लिहितात. मुख्याध्यापकांची हॉल द्यायला ना नव्हती, फक्त सुविचार पुसायचा नाही. त्यामुळं जगण्याला काही अर्थ नाही असं सव्वा तास सिद्ध करणारं नाटक 'वेळेवर उठणारा वेळेवर पोचतो' या वाक्यापुढं झालं. एका प्राध्यापकांनी नंतरच्या चर्चेत त्या फळ्याचा नेपथ्यातला उपरोध म्हणून फार गौरव केला. प्रायोगिकनं मान डोलावली. पुढच्या नाटकाला तो स्वतःच मुलांना सुविचार सांगायला गेला.

प्रकाशयोजना ही वेगळीच गंमत होती. स्पॉट डालड्याच्या डब्यांचे. डिमर मिठाच्या पाण्याचा: चिनी मातीची बरणी, तळाला एक पत्रा, वरून दोरीला दुसरा पत्रा. पत्रा खाली सोडला की उजेड वाढतो, वर ओढला की मंदावतो. पाणी तापायचं, फसफसायचं, वाफ यायची. आमचा वायरमन पायाखाली रबरी चटई घालून दोरी धरायचा आणि मीठ कमी पडलं की अंधारातून दबक्या आवाजात विचारायचा, 'अजून एक मूठ टाकू का?' प्रेक्षकांना तो संवादच वाटायचा. एकदा कुणीतरी टाळी दिली.

प्रेक्षक सतरा. हा आकडा इतका स्थिर आहे की खगोलशास्त्रानं दखल घ्यावी. सहा नटांच्या घरचे, चार पुढच्या नाटकात घ्या म्हणणारे, तीन निवृत्त प्राध्यापक, दोघं पावसामुळं आडोशाला आलेले, एक हॉलचा शिपाई (त्याला कुलूप लावायचं असतं) आणि वहिनी. प्रयोगाच्या आधी हा विंगेतून डोकी मोजतो. सतरा भरली की त्याच्या तोंडून 'चला' असं येतं, आणि त्या शब्दात समाधान आहे की राजीनामा हे मला आजवर कळलेलं नाही.

पण बंदी काही येईना. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. त्यानं जाणूनबुजून एक स्फोटक नाटक लिहिलं. पानोपानी शिव्या, देवळात पुढारी, पुढाऱ्याच्या पोटात देऊळ. नियमाप्रमाणं संहिता मुंबईला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडं पाठवली आणि महिनाभर डोळे लावून बसला. कोर्टात काय बोलायचं त्याची टिपणं काढली, वकीलही बघून ठेवला. पाकीट आलं. प्रमाणपत्र. एकही कात्री नाही. एक शिवीसुद्धा नाही! तो दोन दिवस जेवला नाही. 'वाचलं नसणार रे,' असं म्हणत राहिला.

तिसऱ्या दिवशी त्यानं एक पोस्टकार्ड लिहिलं. पोलीस ठाण्याला. 'अमुक शाळेत रविवारी समाजविघातक नाटक होणार असून भावना दुखावण्याची शक्यता आहे, तरी योग्य ती कारवाई व्हावी. आपला, एक सुजाण नागरिक.' मला हे प्रयोगाच्या दिवशी सकाळी सांगितलं, तेही अटक झाली तर घरी निरोप कुणी द्यायचा हे ठरवायला.

हवालदार खरंच आला. प्रेक्षक अठरा झाले. पहिल्या रांगेत टोपी मांडीवर ठेवून बसला, शिव्यांना मनापासून हसला, शेवटी डोळे पुसले. पडदा पडल्यावर (पडदा नव्हताच, वायरमननं पत्रा वर ओढला) आत आला. प्रायोगिक दोन्ही हात पुढं करून उभा. हवालदारानं खिशातून पोस्टकार्ड काढलं, त्याच्या हातावर ठेवलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, 'साहेब, माझं पासबुक गेली सहा वर्षं तुम्हीच भरताय की. असलं मोत्यासारखं अक्षर सांगलीत दुसरं कुणाचं आहे? साहेबांना म्हटलं, मी बघून येतो.' मग जरा घुटमळून, 'पुढचा खेळ कधी आहे? मंडळींना दाखवावं म्हणतो.'

छोट्या शहरात बंडाचं खरं दुखणं हे आहे. ज्याच्याविरुद्ध घोषणा द्यायची त्याच्याच मांडवाच्या खुर्च्या, त्याच्याच टेम्पोतून, उधारीवर. नगरसेवकावर नाटक लिहावं तर तो वर्गातला निघतो. ५ नोव्हेंबरला भावे नाट्यमंदिरात मोठा सोहळा असतो, प्रायोगिकचा त्यावर गेली तीस वर्षं बहिष्कार आहे. कशाबद्दल ते आता त्यालाही नीट आठवत नाही. बहिष्कार तो समोरच्या चहाच्या टपरीवर बसून पाळतो. आतले लोक मध्यंतरात बाहेर येतात, 'काय, बहिष्कार ना?' असं विचारतात आणि त्याच्या चहाचे पैसे देऊन जातात.

राज्य नाट्यस्पर्धेला नावं ठेवतो, पण भाग दरवर्षी घेतो. सरकार सादरीकरणाचा खर्च देतं आणि सरकारविरुद्धच्या नाटकाला कापड तर लागतंच.

मोठ्या नाट्यगृहांबद्दल तो जन्मभर म्हणत आला, 'पाडा ती मखरं!' ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ सालचं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. सकाळी मी त्याच्याकडं गेलो तर वहिनी म्हणाल्या, पहिल्या एसटीनं कोल्हापूरला गेले. संध्याकाळी परतला तेव्हा चपला काळ्या झाल्या होत्या. मी काही विचारलं नाही. त्यानं खिशातली विडी काढली, आणि त्या दिवशी पेटवली.

हल्ली गावात करमणुकीला काय तोटा आहे! मुंबई-पुण्याची नाटकं येतात. त्यांच्या तिकिटांचे दर ऐकून लोक 'टीव्हीवर येईल की' म्हणतात. गणपतीत डीजे असतो. त्याच्या ठोक्यानं आमच्या शाळेचा सुविचार एकदा आपोआप पुसला गेला. पण खरी भरभराट कराओकेची. दर रविवारी कुठल्या तरी हॉलमध्ये दाताचे डॉक्टर, निवृत्त अभियंते, पतपेढीचे चेअरमन ब्लेझर घालून किशोरकुमार गात असतात. प्रायोगिक एकदा टीका करायला म्हणून गेला आणि गणित करत बसला. सोळा गायक, प्रत्येकाचे दहा नातेवाईक. एकशे साठ! घरी येऊन त्यानं चाळीस पात्रांचं नाटक लिहायला घेतलं. नटच मिळेनात म्हणून ते राहिलं.

गेल्या पावसाळ्यात विश्रामबागेतल्या एका कॅफेत कॉलेजची चार पोरं स्टँडअप करणार असं कळलं. मला ओढत घेऊन गेला. वीतभर चौथरा, एक माईक, मागं विटांच्या भिंतीचा कागद चिकटवलेला. यानं आधी त्या कागदाची कड नखानं उचकटून पाहिली, मग एका पोराला बाजूला घेतलं.

'संहिता पास करून घेतली?'

'कसली संहिता, काका?'

'मुंबईहून प्रमाणपत्र लागतं. लेखी काय आहे तुमच्याकडं?'

'मोबाइलमध्ये मुद्दे आहेत,' पोरगं म्हणालं.

हा खुर्चीत येऊन बसला तो गप्पच. आयुष्यभर व्यवस्थेला आव्हान देताना यानं प्रत्येक वेळी रीतसर अर्ज केला होता, तीन प्रतींत. पोरं मात्र रस्त्यातल्या खड्ड्यांवर, वॉर्डातल्या फ्लेक्सवर, फ्लेक्सवरच्या वाढदिवसांवर धडाधड बोलत होती. चारातले दोन विनोद जमले, एक फारच जमला. हा हसला नाही. डोकी मोजत होता. चौतीस.

तिसऱ्या दिवशी बातमी आली. तो जमलेला विनोद मोबाइलवर फिरला आणि ज्याच्या वाढदिवसावर होता त्याची चार माणसं कॅफेत येऊन गेली. मारलं वगैरे नाही. कॉफी प्यायली, व्हिडिओ काढून टाकायला सांगितला. पोरानं काढून टाकला, माफी मागितली, मालकानं पुढचे कार्यक्रम रद्द केले. मला वाटलं, हा आता संतापणार, निषेधाचं पत्रक काढणार. त्यानं झब्बा बदलला, शबनम घेतली आणि माझ्या स्कूटरवर मागं बसून थेट कॅफे गाठला. पोरगं कोपऱ्यात कोमेजून बसलेलं.

'आले होते म्हणे?' यानं विचारलं. आवाज कापत होता. 'खरंच आले होते?'

'हो काका. जाऊ द्या ना. मिटवलंय.'

'काय म्हणाले? शब्द सांग, शब्द.'

पोरानं सांगितलं. यानं पावतीपुस्तकाच्या मागं उतरवून घेतलं. मग बराच वेळ त्या रिकाम्या चौथऱ्याकडं बघत राहिला.

'चौघं होते म्हणालास?'

'चौघं. पाचवा गाडीत बसून होता.'

'तो धरून पाच.' यानं न पेटवलेली विडी एका बोटातून दुसऱ्यात सरकवली. 'येत्या रविवारी शाळेच्या हॉलमध्ये आमचा प्रयोग आहे. सहा वाजता. तुझ्याकडं त्यांचा नंबर असेल ना?'